कृतज्ञता शिकवणारा पाच पुस्तकांचा डबा: ७९९ रुपये, त्यातलं एकच पुस्तक कामाचं

आधीच सांगते, संचाचं नाव लिहिणार नाहीये. एकतर विकणाऱ्याशी माझं रिफंडवरून दीड महिना झाला अजून वाजतंय, आणि दुसरं म्हणजे असे संच ऑनलाइन शोधलेत तर डझनभर सापडतील, कव्हर वेगळं, आतला माल तोच. इंग्रजीतून मराठीत आणलेले, चौकोनी, गुळगुळीत कागद, वर लिहिलेलं 'वय ३ ते ७' आणि 'मूल्यशिक्षण'. तर हा रिव्ह्यू त्या सगळ्यांचाच धरा.

घेतला का ते सांगते. दिवाळीच्या आधी एक दिवस सकाळी साडेसातला लेक (सिनियर केजी) गॅलरीतून ओरडली, "ए कचराऽऽ थांब, आमचा राहिला!" मी आत डबा भरत होते, ऐकलं आणि हातातली पोळी तशीच राहिली. आता ती कुठून शिकली? आमच्याकडूनच. रोज सकाळी घरात कोण ना कोण म्हणतंच ना, कचरा आला, कचरा गेला, कचरा आला नाही आज. कचरा उचलणाऱ्या बाईला आम्ही चौघांनी मिळून कचराच करून टाकलंय. मला इतकी लाज वाटली की त्याच दिवशी करी रोडला स्लो ट्रेन पकडून दारात लटकत लटकत मी मोबाइलवर शोधलं आणि पहिला दिसला तो संच ऑर्डर केला. छापील किंमत १२५०, ऑफरमध्ये ७९९. घाईत घेतलेली वस्तू कशी निघते ते माहितीये तुम्हाला.

डबा आला तो एका कोपऱ्यात चेपलेला. आतल्या एका पुस्तकाची पिन बाहेर आलेली, म्हणजे पोराच्या बोटाला लागेल अशी, ती मी पक्कडने वाकवली. फोटो पाठवले तर म्हणे पॅकिंग उघडल्यावर रिटर्न नाही. पॅकिंग न उघडता आतली पिन दिसणार कशी हे मी चार वेळा विचारलंय, चारही वेळा तोच मेसेज आलाय, हात जोडल्याच्या इमोजीसकट. असो.

पहिलं पुस्तक. एक मुलगा सकाळी उठतो आणि सूर्याला धन्यवाद म्हणतो, मग उशीला, मग टूथब्रशला, मग दुधाला, मग कुंपणाच्या पांढऱ्या फाटकाला, मग पोस्टमनला जो गाडीतून येऊन रस्त्यावरच्या पेटीत पत्र टाकतो, आणि असं करत करत रात्री चंद्राला. लेकीने आणि मी पेन्सिलने टिक करत मोजले, ४१ धन्यवाद. एकेचाळीस! एवढे तर सत्कार समारंभातसुद्धा कोणी म्हणत नाही. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात, "मी माझ्या समुदायाप्रति कृतज्ञ आहे." सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "कुठला संप्रदाय म्हणाला ग तो? माळ घातलीय का त्याने?" मी म्हटलं, "संप्रदाय नाही हो आई, समुदाय." तर म्हणे, "म्हणजे काय?" आता काय सांगू. वाडी म्हणा, चाळ म्हणा, आळी म्हणा, शेजारपाजार म्हणा, एवढे शब्द पडलेत आपल्याकडे आणि पाच वर्षांच्या पोराला समुदाय?

आणि तो कृतज्ञता शब्द. लेकीला आत्ता कुठे काना-मात्रा जमायला लागलंय, जोडाक्षरं अजून लांब आहेत, आणि पुस्तकाच्या नावातच क ला ऋकार आणि पुढे ज्ञ. ती आठवडाभर "क्रुतता" म्हणत होती. वर फॉन्ट असा बारीक काडीसारखा, फिक्या पिवळ्यावर पांढरा, की रात्री झोपवताना बेडलॅम्पमध्ये मलाच चष्मा लावून दिसेना. मुलांची पुस्तकं करणाऱ्यांना एवढं तरी कळायला हवं की ही पुस्तकं दिवसा उजेडी कोणी वाचत नाही, ही वाचली जातात रात्री दहाला, एक डोळा मिटलेल्या आईकडून.

दुसरं अग्निशमन जवानावर. झाडावर मांजर अडकते, शिडीची गाडी येते, मांजर उतरते, मुलं कार्ड बनवून देतात. चित्रं बरी आहेत, लाल रंग छान उतरलाय. पण आम्ही राहतो काळाचौकीला, भायखळ्याचं फायर ब्रिगेडचं हेडक्वार्टर आमच्यापासून असं कितीसं लांब आहे, बसमधून जाताना लेक खिडकीला नाक लावून लाल गाड्या मोजते. तिचा प्रश्न सरळ होता, "आपल्याकडे पण मांजरच काढतात का?" तेव्हा सासूबाईंनी मेथी बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली, जे त्यांनी त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट, पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा दोन्ही, आधी आग लागली आणि ती विझवत असतानाच बोट फुटली, एकदा नाही दोनदा. ६६ जवान गेले. आग दिसत असताना पळाले नाहीत ते. त्यांच्यासाठी म्हणून १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो, आपल्या खिशाला कागदी झेंडा लावतात तो त्याचाच. आता मला सांगा, हे आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा गोदीत घडलेलं, आणि आम्ही मांजर वाचतोय. बरं अगदी स्फोट नको छोट्या पोरांना, मान्य. पण जानेवारीत पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार नाहीतर कबूतर झाडावरून सोडवायला मुंबईत फायर ब्रिगेडचीच माणसं येतात, ते काढा की चित्रात. तेही पक्षीप्राणीच आहे आणि आमचं आहे.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. मुलं रस्त्यावर टेबल टाकून लिंबू सरबत विकतात आणि बागेसाठी पैसे जमवतात. आमच्या रस्त्यावर टेबल टाकलं तर आधी पालिकेची गाडी येईल. पाचवं म्हणजे पुस्तकच नाही, 'माझी कृतज्ञता डायरी', स्टिकर लावायचे आणि रोज लिहायचं की आज मी कशासाठी कृतज्ञ आहे. लेकीने पहिल्या दिवशी मॅगी काढली, दुसऱ्या दिवशी मॅगी, तिसऱ्या दिवशी सगळे स्टिकर फ्रिजला.

आता चौथं. याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहायला बसले.

चौथ्यात शब्द जवळजवळ नाहीतच, मोजून अकरा वाक्यं असतील. एक जुनी चार मजली इमारत, कुठल्या देशातली ते कळत नाही पण जिन्याचा लाकडी कठडा आणि भिंतीला लावलेले मीटरचे डबे बघून आमच्या लेकीने जाहीर केलं की ही आपलीच चाळ आहे. जिन्यातला बल्ब गेलाय. पानापानावर माणसं अंधारात चढतायत, एक बाई भाजीची पिशवी घेऊन चाचपडत, एक म्हातारा भिंतीला हात लावून, एक मुलगी पायऱ्या मोजत. आणि मग एक पान उलटलं की उजेड. बस. कोणी लावला ते दाखवलेलंच नाही. मागे जाऊन बघितलं तर आधीच्या पानावर खाली कोपऱ्यात स्टुलाची सावली आहे, इतकी लहान की मला तिसऱ्यांदा वाचताना दिसली, लेकीला पहिल्यांदाच. त्याच्याही आधीच्या पानावर एका दारासमोर चपला नाहीयेत, बाकी सगळ्या दारांसमोर आहेत. म्हणजे त्या घरातला माणूस बाहेर गेलाय. आम्ही दोघी पोटावर झोपून, नाक पानाला लावून, अर्धा तास गुन्हेगार शोधावा तसं शोधत होतो, बल्ब कोणी लावला. पुस्तकात एकही धन्यवाद नाही, शेवटी फक्त ती मुलगी पायऱ्या न मोजता वर पळताना दिसते.

चित्रांचं पुस्तक म्हणतात ते हे. सांगायचं ते चित्रात, आणि जे सांगितलं नाही ते पान उलटण्यात. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानी असतात, कारण छापताना मोठ्या कागदाच्या घड्या आठाच्या, सोळाच्या पटीत पडतात, म्हणजे सांगणाऱ्याकडे उलटायला मोजून पंधरा-सोळा वेळाच मिळतात. चांगला चित्रकार त्यातली एकेक जपून वापरतो. पहिल्या पुस्तकवाल्याने सगळ्या धन्यवादात घालवल्या.

पुढची गंमत. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना लेक आमच्या जिन्यात थांबली, वर बघितलं आणि विचारलं, "आपला बल्ब कोण लावतं?" मी लग्न होऊन या चाळीत आले त्याला अकरा वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. तळमजल्यावरचे एक काका, रिटायर्ड, गेली कितीतरी वर्षं स्वतःच्या पैशाने आणून लावतात. "मग तुला काय वाटलं, आपोआप पेटतो?" हे मला, लेकीला नाही. लेक संध्याकाळी खाली गेली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बल्ब लावता ना, थँक्यू." काका टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, "थँक्यू राहू दे बाळा, बल्ब आता ऐंशी रुपयांना झालाय, तुझ्या पप्पांना सांग मीटिंगला येत जा." झालं. नवऱ्याला त्या महिन्यात तीन वर्षांनी पहिल्यांदा मीटिंगला बसावं लागलं. कृतज्ञतेचा एवढा परिणाम आमच्या घरात बाकी कशाचा झालेला नाही.

मला या सगळ्या संचांबद्दल जे खटकतं ते इथेच आहे. आपल्या बोलण्यात धन्यवाद कमी आहे, खरं आहे. माझ्या आईने आयुष्यात शेजारणीला धन्यवाद म्हटलेलं मला आठवत नाही, म्हटलं असतं तर शेजारीण रुसली असती, "मी काय परकी आहे का" म्हणून. पण शेजारून आमटीची वाटी आली तर ती रिकामी परत जायची नाही, निदान चमचाभर साखर तरी घालून. वाटी विसळून कट्ट्यावर दोन दोन दिवस थांबायची, काहीतरी बनेपर्यंत. कोणी उपकार केला तर त्याची जाण ठेव म्हणायचे, जाण. हा शब्द संचाच्या पाचही पुस्तकांत कुठे नाही. जाण म्हणजे आधी माहीत असणं. बल्ब कोण लावतं हे माहीत नसताना कृतज्ञ कोणाबद्दल व्हायचं, टूथब्रशबद्दल?

कार्डाचंही तसंच. संचातल्या एका पुस्तकाच्या मागच्या पानावर 'ॲक्टिव्हिटी' आहे, तुमच्या मदतनीसांना सुंदर कार्ड बनवून द्या. लेकीने कचऱ्याच्या मावशींसाठी बनवलं, फुलं वगैरे काढून. सासूबाई म्हणाल्या, "कार्ड दे, पण त्यात पोस्त घाल." दिवाळीची पोस्त द्यायचीच होती. तर पाकिटाला कार्ड चिकटवून दिलं आणि लेकीने मी शिकवल्याप्रमाणे नाव विचारलं. मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं, काही तक्रार करायचीय की काय असं, मग सांगितलं. नाव इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण आता गॅलरीतून नावामागे मावशी लावून हाक जाते. आणि लेकीने दोन दिवसांनी मला विचारलं की पुस्तकातल्या कचरा उचलणाऱ्या काकांच्या हातात निळे ग्लोव्हज आहेत, मग आपल्या मावशींच्या हातात का नाहीत? याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आता ओला-सुका वेगळा करतो ते निदान नीट करतो, फुटलेली काच असली तर कागदात गुंडाळून वर लिहून ठेवतो.

बरं, मग घ्यायचं काय? ७९९ घालवायच्या आधी हे बघा. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची साइट आहे, २०१५ पासून चालू आहे, हजारो गोष्टी फुकट, मराठीतही भरपूर. चार पातळ्या आहेत, पहिलीत पानावर एखादंच वाक्य, चौथीत मोठी गोष्ट. खुला परवाना असल्यामुळे डाउनलोड करा, प्रिंट काढा, लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांची नावं ठेवून वाटा, कोणी काही म्हणत नाही. मी ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन गोष्टी रंगीत काढल्या, दहा रुपये पान, फक्त घरापुरती प्रिंट असेल तर शेवटची श्रेयनामावलीची पानं गाळायला विसरू नका नाहीतर तीस-चाळीस रुपये तिथेच जातात. फक्त एक, भाषांतरं कोणीही करू शकतं त्यामुळे काही झकास आहेत आणि काही आमच्या त्या 'समुदाय' शब्दाचीच भावंडं. आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळली की सोडा. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अजून स्वस्त आणि पातळ पुस्तकांची आहे, कागद साधा, पण चित्रात आपली माणसं, आपली झाडं. ज्योत्स्ना प्रकाशनची बरीच चित्रपुस्तकं मूळ मराठीतच लिहिलेली असतात, वाचताना फरक लगेच कळतो, आजी आजीसारखी बोलते. आणि शक्यतो दुकानात जाऊन उभ्याने चाळून घ्या, दादरला जा, पोराला खाली बसू दे आणि कुठलं पुस्तक ते परत परत उघडतंय ते बघा. ऑनलाइन कव्हर दिसतं, स्टुलाची सावली दिसत नाही.

एक पुस्तक मला कुठेच मिळालं नाही, ते कोणीतरी करा. पाण्याचं. माझं माहेर शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी देणारे सात तलाव, तुळशी आणि विहार शहरातच आहेत, बाकी भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा सगळे मुंबईच्या बाहेर, त्यातला सगळ्यात मोठा, भातसा, आमच्याकडे. आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. माझी आई फोनवर विचारते, "आला का ग तुमच्याकडे नळ?" आणि मी म्हणते आला, आणि मग दोघी जरा वेळ गप्प. कृतज्ञता शिकवायचीच असेल तर पहाटेच्या नळापासून सुरुवात करा आणि एकेक पान मागे जात जा, टाकी, पाइप, भांडुपचा शुद्धीकरणाचा कारखाना, मग आणखी पाइप, मग धरण, मग धरणाच्या काठावर हंडा घेऊन उभी असलेली बाई. शेवटच्या पानावर काय लिहायचं ते मला सुचत नाही, बहुतेक काहीच लिहू नये.

लेकीला मात्र सुचलं. डिसेंबरमध्ये शाळेत फॅन्सी ड्रेस, विषय 'आपले मदतनीस'. दरवर्षीप्रमाणे अर्धा वर्ग डॉक्टर, उरलेला पोलीस, ड्रेस दादरहून भाड्याने. आमची म्हणाली, मी चावीवाला होणार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहाटे पालिकेचा चावीवाला येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, कमरेएवढी लांब लोखंडी चावी आत घालतो आणि फिरवतो, मग पाच-दहा मिनिटांत आमचे नळ फुसफुसायला लागतात. ती एकदा लवकर उठलेली तेव्हा मी दाखवला होता. चावीवाल्याचा ड्रेस भाड्याने कुठेही मिळत नाही. बाबांचा जुना खाकी शर्ट कापून शिवला, झाडूच्या दांड्याला आडवी पट्टी ठोकली आणि चंदेरी कागद लावला. स्टेजवर गेल्यावर तिने काही भाषण केलं नाही, पाठ केलेलं सगळं विसरली, फक्त खाली वाकून चावी फिरवली आणि तोंडाने पाण्याचा आवाज काढला. बक्षीस डॉक्टरला मिळालं. मागच्या रांगेत शाळेच्या शिपाई मावशी तेवढ्या जोरात हसल्या, त्यांना बरोबर कळलं होतं.

तर रेटिंग: संचाला दोन स्टार, ते दोन्ही चौथ्या पुस्तकाचे. चौथं सुटं मिळत नाही, मी विचारलं. आमच्याकडचं चौथं आता सेलोटेप लावून लावून जाड झालंय, ते देणार नाही. उरलेली चार कोणाला हवी असतील तर काळाचौकीला येऊन घेऊन जा, पिन वाकवलेली आहे, स्टिकर संपलेत, धन्यवाद म्हटलं नाहीत तरी चालेल.